क्लायंटला दिलेली भेट खर्चात धरता येते का?

दोन फ्रीलान्सर दिवाळीत आपापल्या क्लायंटना सुकामेव्याचे सारखेच डबे पाठवतात. दोघांकडे बिल आहे, दोघांनी पैसे बँकेतून दिले आहेत. विवरणपत्र भरताना एकाला सीए सांगतो, बिल द्या, खर्चात घालू. दुसऱ्याला सांगतो, राहू द्या, त्याने करात एक रुपयाचाही फरक पडणार नाही. दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. भेट कोणती, केवढ्याची आणि कोणाला, हे प्रश्न नंतर येतात. आधी पाहायचे ते एवढेच, की तुम्ही तुमचे उत्पन्न कोणत्या पद्धतीने मोजता.

कलमांच्या क्रमांकांबद्दल आधीच सांगून ठेवतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि क्रमांक बदलले. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचा हिशेब मात्र १९६१ च्या कायद्यानेच होतो, आणि सीए लोकांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक आहेत. म्हणून इथे जुने क्रमांक वापरले आहेत. नव्या कायद्यात ३७(१) चे, म्हणजे व्यवसायाच्या खर्चाचे, कलम ३४ झाले, ४४एडीए ची म्हणजे अंदाजे उत्पन्नाची तरतूद ५८ मध्ये गेली आणि १९४आर ची म्हणजे लाभावरच्या टीडीएसची ३९३ मध्ये.

४४एडीएमध्ये असाल, तर खर्च धरण्याचा विषय इथेच संपतो

वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापालन, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, कंपनी सेक्रेटरीचे काम, चित्रपटातील कलाकार आणि तंत्रज्ञ अशा ठरावीक व्यवसायांना कलम ४४एडीएखाली अंदाजे उत्पन्न दाखवण्याची सोय आहे. वर्षाची एकूण जमा ५० लाखांपर्यंत असावी लागते. रोखीने आलेले पैसे एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसतील, तर हीच मर्यादा ७५ लाख होते. जमेच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, त्यावर कर भरायचा, आणि वह्या-हिशेबाच्या कटकटीतून सुटायचे, अशी ही योजना.

उरलेल्या ५० टक्क्यांत तुमचा सगळा खर्च आला, असे कायदा धरून चालतो. लॅपटॉपचा घसारा, इंटरनेट, प्रवास, जागेचे भाडे आणि क्लायंटला दिलेली भेटसुद्धा. मग भेट ५०० रुपयांची असो की ५०,००० ची, ती वेगळी वजा होत नाही. आयटीआर-४ या त्यांच्या विवरणपत्रात ती लिहायला रकानाच नाही.

इथे एक चूक वारंवार होते. समजा वर्षाची जमा २४ लाख आहे. ५० टक्क्यांनी उत्पन्न १२ लाख होते. कोणीतरी त्यातून भेटवस्तूंचे ४०,००० वजा करतो आणि ११ लाख ६० हजार दाखवतो. उत्पन्न ५० टक्क्यांच्या खाली गेले की ४४एडीएचे संरक्षण सुटते. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या ठेवाव्या लागतात आणि कलम ४४एबीखाली लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. ते चुकवले तर जमेच्या अर्धा टक्का दंड लागू शकतो. २४ लाखांवर तो १२,००० रुपये होतो. आणि हे सगळे कशासाठी? नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ६०,००० पर्यंतची सवलत मिळते. दुसरे उत्पन्न नसेल तर या माणसाचा कर आधीच शून्य होता. वाचवायला काही नव्हतेच.

४४एडीएमध्ये असणाऱ्याला क्लायंटसाठी काही करायचे असेल, तर भेटीपेक्षा बिलातली सूट हिशेबाला बरी पडते, हे फार कमी जणांच्या लक्षात येते. १ लाखाच्या कामावर ५,००० ची सूट इन्व्हॉइसवरच दाखवली तर तुमची जमा ९५,००० होते आणि उत्पन्न ४७,५०० धरले जाते. म्हणजे करपात्र उत्पन्न २,५०० नी कमी झाले. तेच ५,००० भेटीवर खर्च केले तर करपात्र उत्पन्न जागचे हलत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर इन्व्हॉइसवर दाखवलेल्या सुटीनंतरच्या रकमेवरच जीएसटी लागतो. अर्थात सूट खरी असली पाहिजे आणि खात्यात तेवढेच पैसे आलेले दिसले पाहिजेत.

ठरावीक व्यवसायांच्या यादीत ज्यांचे काम बसत नाही, त्यांना ४४एडीए घेता येत नाही. पुस्तकांचे भाषांतर किंवा लग्नाचे फोटो काढणे यादीत कुठे बसते, हा प्रश्न स्वतः अंदाजाने सोडवू नये. कामाचे स्वरूप सीएला नीट सांगून आधी तो निकाल लावून घ्यावा, कारण बाकीचा हिशेब त्यावरच उभा राहतो.

वह्या ठेवत असाल, तर कलम ३७(१)

खर्च प्रत्यक्ष मोजून नफा दाखवणाऱ्यांना, म्हणजे आयटीआर-३ भरणाऱ्यांना, भेटवस्तूचा खर्च वजा करता येतो. त्यासाठी कायद्यात ‘भेटवस्तू’ असे स्वतंत्र कलम नाही. ती ३७(१) या सर्वसाधारण कलमातून येते. ते कलम म्हणते की खर्च भांडवली नसावा, खासगी नसावा, आणि तो संपूर्णपणे व केवळ धंद्यासाठी किंवा व्यवसायासाठी केलेला असावा.

या वाक्यात ‘आवश्यक’ हा शब्द नाही, आणि त्याला फार महत्त्व आहे. १९६१ च्या कायद्याचे विधेयक आले तेव्हा तो शब्द त्यात होता. विरोध झाल्यावर काढला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या ससून जे. डेव्हिड प्रकरणात याच इतिहासाकडे बोट दाखवून सांगितले की खर्च करणे भाग होते हे सिद्ध करायची गरज नाही. तो व्यवसायासाठी केला होता एवढे पुरे. म्हणून ‘भेट दिली नसती तर काम गेले असते का?’ असा प्रश्न विचारून कोणी तुमचा खर्च नाकारू शकत नाही. ‘ही भेट व्यवसायासाठीच दिली कशावरून?’ हा प्रश्न मात्र विचारू शकतो, आणि त्याचे उत्तर तुमच्याकडे कागदावर असले पाहिजे.

आणखी एक गैरसमज. नवी करप्रणाली घेतली की वजावटी बंद, असे ऐकून काही जण व्यवसायाचा खर्चही सोडून देतात. नव्या प्रणालीत ८०सी सारख्या गुंतवणुकीच्या वजावटी मिळत नाहीत हे खरे. पण व्यवसायाचा नफा काढताना होणारा खर्च ही वेगळी बाब आहे. तो दोन्ही प्रणालींत वजा होतो.

रकमेची मर्यादा किती? भारताच्या आयकर कायद्यात क्लायंटला द्यायच्या भेटीवर रुपयांत मर्यादा नाही. इंटरनेटवर दिसणारी माणशी २५ डॉलरची मर्यादा अमेरिकेची आहे, आणि ५० पौंडांची ब्रिटनची. आपल्याकडच्याही तीन मर्यादा या विषयात विनाकारण घुसतात. १९६२ च्या आयकर नियमांतली ५,००० रुपयांची मर्यादा मालकाने नोकराला दिलेल्या भेटीसाठी आहे. कलम ५६ मधली ५०,००० ची मर्यादा भेट घेणाऱ्याच्या कराबद्दल बोलते. आणि जीएसटीच्या परिशिष्ट १ मधली ५०,००० ची मर्यादा पुन्हा मालक आणि कर्मचारी यांच्यातली आहे. क्लायंटला दिलेल्या भेटीचा खर्च तुम्ही किती धरू शकता, हे या तिघींपैकी एकही ठरवत नाही.

मर्यादा नाही म्हणून प्रमाण सुटून चालत नाही. वर्षाला ३०,००० चे काम देणाऱ्या क्लायंटला २५,००० चा फोन दिला तर अधिकाऱ्याला शंका येणारच. तो व्यवसायाचा खर्च असेलही, पण तसे पटवायला बाकीचे पुरावे तेवढेच भक्कम लागतील.

बिल खरेदीचे असते, भेटीचे नसते

बहुतेक दावे याच ठिकाणी ढासळतात. दुकानाचे बिल एवढेच सांगते की तुम्ही वस्तू विकत घेतली. ती कोणाकडे गेली आणि का गेली, याबद्दल ते गप्प असते. सुकामेव्याचे २५ डबे घेतले आणि वर्षभरात इन्व्हॉइस फक्त ६ क्लायंटना निघाले, तर बाकीचे १९ डबे कुठे गेले? नातेवाइकांकडे, सोसायटीत, घरी. हा खर्च खासगी आहे. आणि अधिकाऱ्याला असे १९ डबे सापडले की उरलेल्या ६ डब्यांकडेही तो संशयाने पाहतो.

म्हणून भेटींची एक साधी नोंदवही ठेवा. स्प्रेडशीट चालेल. प्रत्येक भेटीसाठी एक ओळ: तारीख, वस्तू, नग, किंमत, जीएसटी, बिल क्रमांक, घेणाऱ्याचे नाव आणि त्याची कंपनी, तुमचे त्यांच्याशी असलेले काम, देण्याचे कारण, आणि कशी पोचवली. कारणाच्या रकान्यात ‘दिवाळी’ एवढेच लिहू नका. ‘वेबसाइटचे काम पूर्ण, देखभालीचा करार पुढील वर्षासाठी वाढवण्याची बोलणी सुरू’ असे लिहिले तर दोन वर्षांनी नोटीस आल्यावर तुम्हालाही आठवेल. नोंद त्याच आठवड्यात करावी. वर्षाअखेरीस आठवून भरलेली वही ओळखू येते; तारखा आणि कुरिअरच्या पावत्या जुळत नाहीत.

वहीबरोबर पोचल्याचा पुरावा हवा. कुरिअरची पावती, ऑनलाइन खरेदी असेल तर क्लायंटच्या पत्त्यावर पोचल्याची नोंद, आणि क्लायंटने पाठवलेला आभाराचा ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश. हा संदेश बहुतेक वेळा फुकट मिळालेला उत्तम पुरावा असतो, आणि लोक तो पुसून टाकतात. सगळ्या वस्तू आधी घरी मागवून मग स्वतः वाटण्यापेक्षा थेट क्लायंटच्या कार्यालयात पाठवाव्यात. कागद आपोआप तयार होतो.

बिल तुमच्या किंवा तुमच्या व्यवसायाच्या नावावर घ्या. पत्नीच्या किंवा भावाच्या ऑनलाइन खात्यावरून मागवलेल्या वस्तूचे बिल त्यांच्या नावाने येते, आणि मग ते पैसे तुम्ही दिलेत हे वेगळे दाखवत बसावे लागते. बिलावर ‘गिफ्ट आर्टिकल’ असा मोघम शब्द न घेता वस्तूचे नाव आणि नग लिहून घ्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट पैसे गेल्याचा पुरावा आहे, बिल नव्हे.

रोख शक्यतो टाळावी. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली, तर कलम ४०ए(३) नुसार तो संपूर्ण खर्च नाकारला जातो. फक्त १०,००० वरची रक्कम नव्हे, सगळाच. एकाच दुकानातून सकाळी ६,००० ची आणि संध्याकाळी ७,००० ची खरेदी रोखीने केली तरी हिशेब दिवसाचा होतो. आणि पाकिटात घालून दिलेले रोख पैसे भेट म्हणून खर्चात धरण्याच्या भानगडीत पडूच नये. घेणाऱ्याने सही करून पावती दिल्याशिवाय त्याचा पुरावा नसतो, आणि भेटीच्या पाकिटाची पावती कोणी देत नाही.

गिफ्ट व्हाउचर आणि सोन्याचांदीची नाणी यांचे तसेच. ती पैशासारखी कुठेही फिरतात, म्हणून त्यांच्याकडे जास्त बारकाईने पाहिले जाते. व्हाउचर दिले तर त्याचा क्रमांक आणि कोणाच्या ईमेलवर पाठवले ते नोंदवा.

कोणती भेट व्यवसायाची आणि कोणती नाही, याची सीमा काही वेळा पुसट असते. सध्याचा क्लायंट, जुना क्लायंट, ज्याच्याकडून काम मिळण्याची खरी शक्यता आहे असा नवा माणूस, या तिघांना दिलेली भेट व्यवसायाची मानता येते. क्लायंट तुमचा शाळासोबतीही असेल तर कारण स्पष्ट लिहावे लागते. क्लायंटच्या मुलीच्या लग्नात दिलेला आहेर मी तरी खर्चात धरू नका असेच सांगेन. त्यात सामाजिक रीत आणि व्यवसाय एकमेकांत मिसळलेले असतात, आणि कायदा ‘केवळ व्यवसायासाठी’ असे म्हणतो. क्लायंटबरोबरचे जेवण हा भेटीचा नव्हे, आदरातिथ्याचा खर्च. त्याची नोंद वेगळी करा. ‘काम मिळवून दिलेस तर टॅबलेट देईन’ असे आधी ठरले असेल तर त्याला भेट म्हणता येत नाही. ती दलाली आहे. तिची नोंद दलाली म्हणून करा आणि समोरच्याकडून तसे बिल घ्या.

विवरणपत्रात हा खर्च कुठे घालायचा? आयटीआर-३ च्या नफा-तोटा भागात भेटवस्तूंसाठी स्वतंत्र ओळ आहे. विक्रीवाढ, आदरातिथ्य आणि सणसमारंभाच्या खर्चासाठीही वेगवेगळ्या ओळी आहेत. भेटी ‘इतर खर्चा’त लपवू नका. मोठी ‘इतर’ रक्कम जास्त प्रश्न ओढवून घेते.

कागद किती वर्षे जपायचे? आयकराच्या नियम ६एफखाली (वह्या ठेवण्याचा नियम) येणाऱ्या व्यावसायिकांना वह्या आणि बिले संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ६ वर्षे ठेवावी लागतात. थर्मल कागदावरची बिले वर्षभरात कोरी पडतात. घेतल्या दिवशीच त्यांचा फोटो काढून ठेवा.

जिथे भेट द्यायचीच नाही

कलम ३७(१) चे पहिले स्पष्टीकरण सांगते की कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या किंवा निषिद्ध असलेल्या गोष्टीवरचा खर्च वजा होत नाही. २०२२ च्या वित्त कायद्याने आणखी स्पष्ट केले: घेणाऱ्याच्या वर्तनाचे नियम मोडून त्याला दिलेला लाभही त्यात येतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात औषध कंपनीने डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च नाकारला, कारण वैद्यकीय परिषदेच्या नियमांनी डॉक्टरांना अशा भेटी घेण्यास मनाई आहे. घेणे निषिद्ध असेल तर देणाऱ्याचा खर्चही मान्य होत नाही, असा त्याचा अर्थ. औषध कंपन्यांसाठी लिहिणाऱ्या, डिझाइन करणाऱ्या किंवा डॉक्टरांची परिषद भरवणाऱ्या फ्रीलान्सरने हे ध्यानात ठेवावे.

सरकारी क्लायंटबाबत गोष्ट करापुरती राहत नाही. सरकारी कार्यालयातील, सार्वजनिक बँकेतील किंवा सरकारी कंपनीतील अधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ नुसार लोकसेवक असतो. काम मिळावे किंवा बिल लवकर निघावे म्हणून त्याला लाभ देणे हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्याला ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि अशी भेट खर्चात दाखवणे म्हणजे आपल्याच हाताने पुरावा लिहून देणे.

खासगी कंपन्यांत कायद्याची मनाई नसते, पण अनेक कंपन्यांचे भेटी घेण्याबाबत लेखी धोरण असते. मोठी भेट पाठवण्याआधी संपर्कातल्या माणसाला सरळ विचारावे. शक्य असेल तर भेट व्यक्तीऐवजी पूर्ण टीमच्या किंवा कंपनीच्या नावाने पाठवावी.

जीएसटीत उलटा नियम

आयकरात खर्च मान्य झाला म्हणून त्यावरचा जीएसटीही परत मिळेल, असे नाही. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १७(५)(एच) नुसार भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या वस्तूंवर भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तो वळता करण्याची सोय, घेता येत नाही. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रक ९२ मध्येही हेच स्पष्ट केले आहे. दिलासा एवढाच की नात्यातल्या नसलेल्या क्लायंटला मोबदल्याशिवाय दिलेल्या भेटीवर तुम्हाला स्वतः जीएसटी लावावा लागत नाही.

समजा १०,००० ची वस्तू घेतली आणि त्यावर १८ टक्क्यांनी १,८०० जीएसटी भरला. क्रेडिट मिळणार नसल्याने हे १,८०० तुमच्या खर्चाचा भाग होतात. वह्या ठेवणारा फ्रीलान्सर आयकरात पूर्ण ११,८०० वजा करू शकतो. हमखास होणारी चूक अशी की १,८०० चे क्रेडिटही घेतले जाते आणि खर्चातही ११,८०० दाखवले जातात. एकच रक्कम दोनदा वापरली गेली, आणि दोन्ही विवरणपत्रे समोरासमोर ठेवली की ते लगेच दिसते.

बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घातला तर ते बिल जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे तुमच्या खरेदीच्या आपोआप बनणाऱ्या यादीत, उतरते. मग जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरताना क्रेडिट आधी तक्ता ४(ए) मध्ये दाखवायचे आणि तिथेच ४(बी)(१) मध्ये उलटवायचे, म्हणजे परत वजा करायचे. सॉफ्टवेअरने २बी मधले आकडे आपोआप उचलले आणि उलटवायचे राहिले, तर चुकीने घेतलेले क्रेडिट वापरल्यावर त्यावर १८ टक्के दराने व्याज लागते. ही कटकट टाळायला काही जण क्रमांक न घालताच बिल घेतात. माझ्या मते क्रमांक घालून घेतलेले बिल बरे. वस्तू व्यवसायासाठी घेतली याचा तो एक आधार होतो, आणि उलटवायची नोंद दोन मिनिटांची आहे.

हा नियम ४४एडीएवाल्यांनाही लागू आहे. आयकरात भेटीचा हिशेब सुटला तरी जीएसटी नोंदणी असेल तर क्रेडिट सोडावेच लागते.

२०,००० च्या वर गेलात तर १९४आर

१ जुलै २०२२ पासून व्यवसायाच्या संबंधातून भारतातील निवासी व्यक्तीला किंवा कंपनीला दिलेल्या लाभावर कलम १९४आर नुसार १० टक्के टीडीएस (देणाऱ्याने कापून सरकारकडे भरायचा कर) लागतो. एका आर्थिक वर्षात एकाला दिलेल्या लाभांची बेरीज २०,००० च्या वर गेली की ही तरतूद लागू होते. पण देणारी स्वतः व्यक्ती असेल आणि तिची मागील वर्षाची व्यावसायिक जमा ५० लाखांच्या आत असेल, तर तिला यातून सूट आहे. धंद्यासाठी हीच मर्यादा १ कोटी आहे. त्यामुळे बहुतेक फ्रीलान्सर इथे सुटतात. अडकतो तो मधला गट: डिजिटल जमेमुळे ७५ लाखांपर्यंत ४४एडीएमध्ये राहता येते, म्हणून ६० लाखांच्या जमेचा माणूस स्वतःला लहान समजतो, पण पुढच्या वर्षी १९४आर त्याला लागू झालेले असते.

वस्तू द्यायची असेल तर तिच्यातून टीडीएस कापणार कसा? सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) १६ जून २०२२ च्या परिपत्रक १२ मध्ये दोन वाटा आहेत. एक, घेणाऱ्याने तेवढा आगाऊ कर भरावा आणि त्याचे चलन व घोषणापत्र तुम्हाला द्यावे. ते हातात आल्यावरच वस्तू द्यावी. दुसरी, कर तुम्हीच भरावा. मग भरलेला करही लाभात मिळवावा लागतो. २७,००० ची वस्तू असेल तर लाभ ३०,००० धरायचा आणि ३,००० कर भरायचा. ‘२७,००० चे १० टक्के २,७००’ हा हिशेब चुकीचा. विकत घेतलेल्या वस्तूची किंमत जीएसटी वगळून धरायची. कर भरायला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लागतो, घेणाऱ्याचा पॅन लागतो, आणि तिमाही टीडीएस विवरणपत्रही भरावे लागते. पॅन नसेल तर दर २० टक्के होतो. क्लायंटला भेट देताना त्याच्याकडे पॅन मागणे आणि चलनाची वाट पाहणे कोणालाच रुचत नाही. म्हणून या गटातल्यांनी प्रत्येक क्लायंटची वर्षाची बेरीज २०,००० च्या आत ठेवावी; दिवाळी, नवे वर्ष आणि प्रकल्प पूर्ण झाल्याची भेट, सगळे धरून. भेट कंपनीच्या कर्मचाऱ्याने किंवा मालकाच्या घरच्यांनी वापरली, तरी लाभ कंपनीला मिळाला असे धरून कंपनीच्या नावाने बेरीज करायची.

हेच कलम उलट्या दिशेनेही येते. कंपनीने तुम्हाला प्रसिद्धीसाठी फोन पाठवला आणि तुम्ही तो ठेवून घेतला, तर तो तुमचा लाभ आहे आणि कलम २८ नुसार तुमचे व्यावसायिक उत्पन्न आहे. काम झाल्यावर परत केला तर नाही. परत केल्याची कुरिअर पावती जपा.

परदेशी क्लायंट निवासी नसल्याने १९४आर त्याला लागू होत नाही. आयकरातल्या खर्चाचे आणि जीएसटी क्रेडिटचे नियम मात्र तेच. कुरिअरचा खर्चही भेटीबरोबर वजा होतो. तिकडचे सीमाशुल्क वाचावे म्हणून पार्सलच्या कागदावर किंमत कमी लिहिण्याचा मोह होतो. तो टाळा. बिलावर ८,००० आणि पार्सलवर १,५०० असे दोन कागद तुमच्याच फाइलमध्ये समोरासमोर बसतात.

प्रत्यक्षात वाचते किती

वह्या ठेवणाऱ्या फ्रीलान्सरचे करपात्र उत्पन्न १७ लाख ६० हजार आहे असे धरू. नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी १६ ते २० लाखांच्या टप्प्याचा दर २० टक्के आहे. ४ टक्के उपकर धरून २०.८ टक्के. जीएसटीसह ११,८०० ची भेट खर्चात धरली तर कर साधारण २,४५४ रुपयांनी कमी होतो. खिशातून ९,३४६ गेलेच. उत्पन्न ८ ते १२ लाखांच्या टप्प्यात असेल आणि करसवलतीने कर शून्य होत असेल, तर बचत शून्य. ‘कर वाचेल’ म्हणून मार्चमध्ये घाईने भेटी घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

मार्चमधल्या खरेदीची आणखी एक अडचण असते. ३१ मार्चला १० डब्यांपैकी ४ डबे कपाटातच पडून असतील, तर त्या वर्षी ६ डब्यांचाच खर्च भेट म्हणून धरा. बाकीचे ४ पुढच्या वर्षी क्लायंटकडे गेले की तेव्हा नोंदवा. घरी उघडले गेले, तर ते तुमच्या खासगी खात्यात टाका.